वाईचे सात घाट

पाचगणी-महाबळेश्वर गाठायच्या घाईत बहुतेक गाड्या वाईत थांबतात त्या ढोल्या गणपतीपुरत्या. दर्शन होतं, फोटो निघतात, गाडी पसरणी घाटाला लागते. त्या मंडळींना एवढंच सांगणं आहे: देवळाला वळसा घालून मागे जा. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ थेट कृष्णेच्या काठावर बांधलं. त्याची मागची भिंत सपाट नाही. माशासारखी निमुळती होत ती टोकाला येते. पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. नदीला अडवायचं नाही, वाट करून द्यायची, हे बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. आळीगणिक घाट आणि प्रत्येक घाटाचा आपला कृष्णाबाईचा उत्सव. थंडीत एका घाटावर मांडव पडतो, तिथलं आटोपलं की पुढच्या घाटाची पाळी. असं करत उन्हाळा तोंडावर येतो. कीर्तन, हळदीकुंकू, प्रसादाच्या पंगती, सगळं नदीकाठी. अफजलखानाच्या स्वारीत बोललेल्या नवसाशी याची सुरुवात जोडली जाते. नव्याने राहायला आलेल्यांनी आपल्या आळीच्या उत्सवात वाढायला जरूर उभं राहावं. शेजार तिथेच जुळतो. आणि ज्या कृष्णाबाईची ओटी भरायची तिच्याच पात्रात सांडपाणी सोडायचं, हे मात्र कुठल्याच आळीने चालवून घेता कामा नये.

वाईची दुसरी ओळख विद्येची. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत विनोबा शिकले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशीही तिथलेच. त्यांच्यामुळे मराठी विश्वकोशाचं काम मुंबई-पुण्यात न होता इथे उभं राहिलं. पहिला खंड १९७६ साली निघाला. एवढ्याशा गावातून अख्ख्या मराठीचा ज्ञानकोश व्हावा, याचा अभिमान वाईकरांनी खुशाल मिरवावा.

हाताशी आणखी तासभर असेल तर मेणवलीला जा. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट बघाच, पण घाटावरच्या मोठ्या घंटेजवळ जरा जास्त थांबा. ती मूळची पोर्तुगीजांची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर अशा घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि १७०७ हे सालही.