थंडीत बंद पडलेला स्विमिंग पूल : तुमच्यासाठी चार महिन्यांचं काम!



डिसेंबर लागला की आपल्या खान्देशात भरीत पार्ट्या सुरू होतात. जळगाव असो की धुळे, फार्महाउसवर पाहुणे येतात. वांगी भाजली जातात, कळण्याच्या पुऱ्या होतात. आणि बाजूला पूल असतो हिरवागार! मालक म्हणतो, "थंडीत कोण उतरतं? मोटर बंद करून टाकली."

इथेच तुमचा धंदा आहे.

परदेशात पाणी गोठतं, पाइप फुटतात, म्हणून तिकडे हिवाळ्यात पूल बंद करतात. धुळ्यात पारा कधीकधी ६-७ अंशांवर येतो, पण आपल्याकडे पूल गोठत नाही. आपली अडचण वेगळी आहे. क्लोरीन संपतं, शेवाळ धरतं, आणि साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. मग मार्चमध्ये सगळं पाणी उपसून टँकर मागवायचे.

आता हिशोब बघा. पूल २० फूट लांब, १० फूट रुंद, सरासरी ४ फूट खोल. म्हणजे ८०० घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर, म्हणजे जवळपास २२,६०० लिटर पाणी! १०,००० लिटरचे दोन टँकर आणूनही भरत नाही. तुमच्या गावातला टँकरचा भाव लावा आणि हा आकडा मालकासमोर ठेवा. तुम्ही साफसफाई विकत नाही, वाचलेलं पाणी विकताय.

मग पूल रिकामा ठेवला तर?
घाई करू नका. पावसाळ्यानंतर जमिनीत पाणी वर असेल, तर बाहेरच्या दाबाने रिकाम्या पुलाला तडे जाऊ शकतात. काळ्या मातीत तर जास्तच जपा.

थंडीचं काम काय?
१. पाला जाळीने काढा, भिंती ब्रशने घासा, तळ व्हॅक्यूम करा.
२. फिल्टर बॅकवॉश करा.
३. टेस्ट किटने पाणी तपासा. पीएच ७.२ ते ७.६, क्लोरीन १ ते ३ पीपीएम.
४. थंडीत शेवाळ हळू वाढतं, क्लोरीन जास्त टिकतं. म्हणून मोटर साधारण रोज दोन-तीन तास पुरते. वीजबिल वाचतं, हेही मालकाला सांगा.
५. पुलावर ताडपत्री अर्धवट टाकू नका. त्यावर पाणी साचून पुन्हा डास होतात, आणि लहान मूल त्यात अडकू शकतं. पक्कं, ताणून बांधलेलं कव्हर किंवा कुंपण सुचवा.

वरच्या पुलात क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन सुमारे २२५ मिली लागतं. "अंदाजे टाकून दिलं" हे चालणार नाही. आधी मोजा, मग टाका.

एक गोष्ट पाठ करा : ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र करायचं नाही, विषारी वायू निघतो. दोघांची मापं वेगळी, ठेवायची जागा वेगळी. केमिकल पाण्यात टाकायचं, केमिकलवर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. इथे चूक झाली तर धंदा नाही, जीव जातो.

दर कसा ठरवाल?
पेट्रोल + केमिकल + तुमचा वेळ + साहित्याची झीज + नफा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा करार करा, आठवड्याला एक फेरी. एकाच रस्त्यावरचे चार पूल एकाच दिवशी घ्या, पेट्रोल चौघांत वाटलं जाईल. प्रत्येक फेरीनंतर टेस्टचा फोटो आणि आकडे मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. तो नाशिकला असो की पुण्याला, त्याला काम दिसलं पाहिजे.

जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की पूलवाल्याला सगळेच शोधतात. पण तेव्हा फोन कोणाला जाईल? ज्याने थंडीत पाणी निळं ठेवलं, त्यालाच!

या रविवारी वही घ्या, आणि आपल्या परिसरातले पाच पूल बघून या. सुरुवात तिथूनच होते.