ललिता बाबरचे प्रशिक्षक स्नेसारेव भारतात का परतले होते?
सातारा : माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर (१९८४) ऑलिम्पिकच्या वैयक्तिक ट्रॅक प्रकारात अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. तिचे प्रशिक्षक होते बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव.

पद का सोडले?
बीडच्या अविनाश साबळेने दुसऱ्या प्रशिक्षकाकडे सराव सुरू केला. २०१९ मध्ये स्नेसारेव यांनी राजीनामा दिला.

मग परतले का?
टोकियो ऑलिम्पिकसाठी, त्याच साबळेला तयार करायला. वय होते ७२.

पुढे काय झाले?
परतल्यानंतर काही दिवसांतच, ५ मार्च २०२१ रोजी पतियाळातील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांचे निधन झाले. साबळे टोकियोत त्यांच्याविना धावला. ८ मिनिटे १८.१२ सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम!