सव्वा महिना, पाच थेंब

खानदेशात बाळंतिणीचा सव्वा महिना कॅलेंडरवर कुणी मांडून ठेवत नाही, तरी घरातल्या प्रत्येक बाईला तो पाठ असतो. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, डोक्याला बांधलेला रुमाल, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. तो संपला की बाळाला घेऊन पहिली चक्कर देवळात, नाहीतर दवाखान्यात. सरकारी लसीकरणाच्या कार्डावरही दीड महिन्याची लस नेमकी याच सुमाराला येते. म्हणजे आजीचा हिशेब आणि सिस्टरचा हिशेब इथे जवळजवळ जुळतो. थोड्याशा बाळांसाठी याच आठवड्यात तिसरीही एक तारीख ठरलेली असते. या बाळांची आई एचआयव्हीसह जगत असते, आणि बाळाच्या रक्तात विषाणू आला आहे का, हे पहिल्यांदा विचारायची वेळ सहा आठवड्यांनी येते.

हा प्रश्न विचारायला लागतो एक जाडसर कागद. त्यावर पाच वर्तुळं छापलेली असतात. लॅब टेक्निशियन बाळाचं पाऊल हातात धरून ऊबदार करतो, टाचेच्या मध्यावर नाही तर कडेला लॅन्सेट टोचतो, पहिला थेंब पुसून टाकतो आणि पुढचे थेंब एकेका वर्तुळात झिरपू देतो. मग कार्ड रॅकवर आडवं ठेवायचं. निदान चार तास, शक्यतो रात्रभर. उन्हात ठेवायचं नाही, हीटरपुढे धरायचं नाही, वर्तुळाला बोट लावायचं नाही. वाळलेल्या थेंबाचा रंग गडद तपकिरी झाला की कार्ड पातळ चकचकीत कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत जातं. सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि ओल शिरली तर रंग बदलून सांगणारी एक पट्टी. या कामातली माणसं त्याला ‘डीबीएस’ म्हणतात, म्हणजे वाळवलेला रक्तथेंब.

या पिशवीला बर्फ लागत नाही. जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी गाठतो. तिथून पुण्यापर्यंतचं अंतर सुमारे चारशे किलोमीटर. रक्ताची बाटली थंड ठेवून एवढ्या लांब नेणं म्हणजे खर्च, धावपळ आणि नमुना वाया जाण्याची धास्ती. वाळलेलं कार्ड मात्र कुरिअरच्या पाकिटातून जातं. पुण्यात भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, या नावानं सुरू झालेली संस्था ही बाळांच्या अशा नमुन्यांची तपासणी करणाऱ्या देशातल्या प्रयोगशाळांपैकी एक आहे.

मोठ्या माणसाची एचआयव्ही तपासणी वीस-पंचवीस मिनिटांत तालुक्याच्या केंद्रात होते. मग बाळाचं एवढं का? कारण त्या झटपट चाचणीला विषाणू दिसतच नाही. तिला दिसतात विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं. गर्भात असताना आई आपली प्रतिपिंडं वारेतून बाळाला देते. ही शिदोरी बाळाला गोवर-घटसर्पासारख्या रोगांपासून काही महिने सांभाळते. आईला एचआयव्ही असेल तर त्याचीही प्रतिपिंडं त्याच शिदोरीत येतात आणि दीड वर्षापर्यंत रेंगाळू शकतात. त्यामुळे पूर्ण निरोगी बाळाचीही झटपट चाचणी पॉझिटिव्ह येते. खरं उत्तर हवं तर विषाणूचा जनुकीय धागाच शोधावा लागतो, आणि तो पीसीआर तंत्रानं लाखो पटींनी वाढवून पाहावा लागतो. वाळलेल्या रक्ताची छोटीशी चकती त्याला पुरते.

दीड वर्ष थांबून साधी चाचणी करता येईल, पण तेवढा वेळ हातात नसतो. गर्भात किंवा जन्मताना लागण झालेल्या बाळाला औषध मिळालं नाही, तर अशा बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसाआधी आणि जवळजवळ निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावतात. मृत्यूचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच वाढतो. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘चेर’ अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ आजारी पडण्याची वाट न पाहता पहिल्या तीन महिन्यांतच उपचार सुरू केले, तर मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात, असं त्यात दिसलं. त्यानंतर ‘थांबून बघू’ हा सल्ला जगभरातून मागे घेतला गेला.

कागदाची ही युक्ती एचआयव्हीपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या बफेलो शहरातले संशोधक रॉबर्ट गथ्री यांचा मुलगा बौद्धिक अपंगत्व घेऊन जन्मला होता. त्यांच्या भाचीला फिनिलकीटोन्युरिया हा चयापचयाचा आजार होता, जो वेळीच कळला तर आहार बदलून मेंदूची हानी टाळता येते. नवजात बाळाच्या टाचेचा थेंब टिपकागदावर घेऊन हा आजार ओळखायची पद्धत गथ्रींनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. तोच टिपकागद पुढे आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या खेड्यांपर्यंत पोचला.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये, तेव्हाच्या मद्रासमध्ये झाली. आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचं स्वस्त साधन पुढे युगांडातून आलं. प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला त्याच औषधाचा एक डोस दिला, तर लागण जवळजवळ निम्म्यानं घटते, हे १९९९ मध्ये सिद्ध झालं. २००२ पासून भारतानं ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आणली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्रांत, मोफत औषधं मिळू लागली. २०१० मध्ये बाळांची लवकर तपासणी सुरू झाली. २०१४ पासून प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला तीन औषधांचा आयुष्यभराचा उपचार द्यायचं धोरण आलं. काहीच केलं नाही, तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि बाळाला प्रतिबंधक औषधाचं सिरप मिळालं, तर हा आकडा पाचाच्या खाली येतो. क्यूबाला तर जून २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अशी लागण संपवणारा पहिला देश म्हणून मान्यता दिली.

विज्ञान असं हाताशी आहे, आणि सरकारी केंद्रात तपासणीला पैसेही पडत नाहीत. तरी खानदेशात या कामाची कसोटी लागते ती माणसांच्या येण्या-जाण्यात. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. भुसावळ हे रेल्वेचं मोठं जंक्शन. चाळीसगाव, साक्री, शिरपूर, चोपड्याच्या बाजूनं आणि सातपुड्याच्या पायथ्यापासून कुटुंबं हंगामासाठी बाहेर पडतात. काही ऊसतोडीला, काही गुजरातच्या शेतांवर आणि बांधकामांवर.

त्यात माहेरपणाची चाल. समजा, शिरपूर तालुक्यातली एक सून. गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासणीत ती पॉझिटिव्ह निघाली. नोंद झाली धुळे जिल्ह्यात, गोळ्या सुरू झाल्या धुळ्याच्या एआरटी केंद्रातून. पहिलं बाळंतपण मात्र माहेरी, यावलला, म्हणजे जळगाव जिल्ह्यात. सिरपची बाटली एका जिल्ह्याच्या हिशेबातली, प्रसूतीची नोंद दुसऱ्या जिल्ह्याच्या रजिस्टरात. बाळ सहा आठवड्यांचं होतं तेव्हा ती अजून यावललाच असते, आणि शिरपूरच्या तपासणी केंद्रातली समुपदेशक तिच्या फोनची वाट बघत असते.

त्या फोनचीही एक अडचण आहे. मोबाइल बऱ्याचदा घरात एकच, आणि तो भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात. माहेरी कुणाला काही ठाऊक नाही. गल्लीतली आशाताई नात्यातलीच निघते. घरी पत्र पाठवता येत नाही, निरोप ठेवता येत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करायला तो मनाई करतो, आणि दवाखान्यात, शाळेत, नोकरीत भेदभाव करायलाही. कायद्यानं बाईला आडोसा दिला. त्याच आडोशाआडून बाळापर्यंत पोचायची वाट समुपदेशकाला शोधावी लागते. म्हणून ‘लस द्यायला आणा’ हा निरोप सगळ्यात कामाचा ठरतो. लसीला कुणी हरकत घेत नाही.

आता खर्चाचं बघू. कार्ड स्वस्त, लॅन्सेट स्वस्त. पीसीआर महाग आहे, पण ते बिल सरकार भरतं. आईच्या वाट्याला उरतं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. एक खेप नमुना द्यायला, दुसरी निकाल घ्यायला, आणि निकाल पॉझिटिव्ह आला तर खात्रीच्या दुसऱ्या नमुन्यासाठी आणखी एक. पहिल्या पॉझिटिव्ह निकालावरच औषध सुरू करावं, दुसऱ्याची वाट पाहू नये, असं आता सांगितलं जातं. पण निकाल यायला आठवडे लागले आणि तोवर आई गाव सोडून गेली, तर पाकिटातला कागद पाकिटातच राहतो.

हा वेळच कापून टाकण्याचा प्रयोग मोझांबिकमध्ये झाला. आरोग्यकेंद्रातच छोटं यंत्र ठेवून बाळाचा निकाल त्याच भेटीत देण्यात आला. तिथे लागण झालेल्या शंभरातल्या जवळजवळ नव्वद बाळांना साठ दिवसांच्या आत औषध सुरू झालं. प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याच्या नेहमीच्या वाटेनं हेच प्रमाण होतं सुमारे तेरा. २०१८ मध्ये हे आकडे छापून आले. अशा यंत्रांपैकी एक खानदेशाच्या ओळखीचं आहे. क्षयरोगाच्या थुंकीतपासणीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवलेलं सीबीनॅट, कार्ट्रिज बदललं की, बाळाच्या रक्तातला एचआयव्हीही दीड तासात शोधू शकतं. गोव्यातल्या मोलबायो कंपनीनं बनवलेलं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज गेली तरी काम अडत नाही. यंत्र गावाजवळ आणलं की बाईच्या खेपा कमी होतात. यंत्र सांभाळायचं, कार्ट्रिज वेळेवर मागवायची, हे काम मात्र तालुक्याच्या माथ्यावर येतं.

सहा आठवड्यांचा निकाल निगेटिव्ह आला म्हणून फाइल बंद होत नाही. आई अंगावर पाजत असते, म्हणून सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा तपासणी, आणि दीड वर्षानं, शिदोरी संपल्यावर, शेवटची पक्की चाचणी. तोवर बाळ चालायला लागलेलं असतं.

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ५ ऑक्टोबरला जन्मलेल्या बाळाचे सहा आठवडे १६ नोव्हेंबरला भरतात, आणि तोवर आई फडावरच्या पाचटाच्या कोपीत पोचलेली असू शकते. तपासणी तिथल्या तालुक्यातही मोफत होते, फक्त तिला केंद्र कुठे आहे ते ठाऊक हवं. म्हणून निघण्याआधी लसीकरणाच्या कार्डामागे समुपदेशकानं पेन्सिलीनं तारीख आणि एक फोन नंबर लिहून दिला, तरी पुरे. आजाराचं नाव लिहायची गरज नाही. कुणी विचारलं तर ती सांगेल, लसीची तारीख आहे.