विळा ६० चा घ्यावा की १८० चा?



मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जाचा विषय पाच मिनिटांत संपला आणि विळ्यावरून मात्र अर्धा तास वाद झाला. उन्हाळ कांदा काढणीला येतोय, त्यामागे एप्रिलची खरड छाटणी. गटांना एकत्र विळे आणि छाटणीच्या कात्र्या घ्यायच्या होत्या. एक ताई म्हणाल्या, "बाजारात ६० रुपयाला विळा मिळतोय, लोहाराला १८० कशाला मोजायचे? विळा तो विळाच." तेवढ्यात कोपऱ्यातल्या मावशींनी चिंधी गुंडाळलेला अंगठा वर केला आणि म्हणाल्या, "हा त्या ६० रुपयाच्या विळ्याचाच प्रताप." सगळ्या हसल्या, पण ठराव काही झाला नाही. मला सांगितलं की तू नीट माहिती काढ आणि अंकात लिही. म्हणून हा लेख.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही मला ती आठवण करून द्यायला नको. मागच्या हंगामात घाऊक भावाने विळे आणायची घाई मीच केली होती. चकचकीत होते, मुठीला लाल रंग होता, स्वस्त पडले म्हणून मी खूश. आठ दिवसांत निम्म्या पात्यांची धार गेली, काहींची टोकं वाकली. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. मी त्याला भाव विचारला होता, लोखंड कोणतं ते विचारलंच नव्हतं.

जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हे मला आपल्या गावच्या लोहारकाकांनी समजावलं. सगळं लोखंड सारखं नसतं. त्यात कार्बन किती आहे त्यावर धार ठरते. बाजारातली साधी पट्टी किंवा पत्रा, म्हणजे मऊ लोखंड. त्यात कार्बन इतका कमी की कितीही तापवून पाण्यात बुडवा, ते कडक होतच नाही. घासून धार येते, पण टिकत नाही. गाडीचा जुना पाटा, म्हणजे ट्रक-ट्रॅक्टर ट्रॉलीखालच्या स्प्रिंगचं पातं, त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो. एवढा पुरतो. पाट्याच्या तुकड्याचं पातं काका लालबुंद तापवतात, फक्त धारेची कड पाण्यात धरतात, बाहेर काढून मागची ऊब धारेकडे येऊ देतात. धारेवर गव्हाच्या काडासारखा पिवळसर रंग आला की परत बुडवतात. यालाच आपण पातं "पाणी दिलेलं" आहे असं म्हणतो. पाणी कमी बसलं तर धार वाकते, जास्त बसलं तर धारेचे तुकडे उडतात. हा अंदाज काकांच्या डोळ्यात आहे, आणि १८० रुपयांतले बरेचसे पैसे त्या अंदाजाचे आहेत.

तेव्हा लोहाराकडे गेल्यावर पहिला प्रश्न विचारायचा, "पाट्याचा की पट्टीचा?" पट्टीचा असेल तर लोहाराकडचा असला तरी जास्त पैसे देऊ नका. आणि दुकानात गेलात तर पिशवीत एक छोटी कानस ठेवा. धारेच्या कडेला हळूच घासून बघा. कानस चावली आणि भुगा पडला तर लोखंड मऊ. कानस घसरून गेली तर पाणी बसलंय. दुकानदार थोडा रागावेल, पण पैसे आपले जाणार आहेत. मुठीत जाणारं लोखंडाचं टोक किती खोल गेलंय तेही बघा. नुसतं बोटभर आत असेल तर महिनाभरात पातं डुगडुगायला लागतं. विळ्याचं एक वेळ ठीक, पण कुदळीचं किंवा खोऱ्याचं पातं निसटलं तर कोणाच्या तरी पायावर जातं.

आता हिशोब. हा मी वहीवर मांडला आणि निकाल बघून मलाच गंमत वाटली. समजा ६० चा विळा कांद्याच्या एका हंगामात, म्हणजे २५ दिवसांत, संपला. दिवसाला २ रुपये ४० पैसे. १८० चा विळा चार हंगाम, म्हणजे १०० दिवस चालला, मधे तीनदा २०-२० रुपये देऊन लोहाराकडून शेवटून घेतला. एकूण २४०. भागिले १००, परत २ रुपये ४० पैसे! म्हणजे विळ्यापुरतं पाहिलं तर बैठकीतल्या ताईंचं काही चुकत नव्हतं. दोन्ही सारखेच पडतात.

फरक आहे तो वेळात. मऊ विळा दिवसातून चार-पाच वेळा दगडावर घासावा लागतो. एका वेळी पाच-सात मिनिटं धरली तरी अर्धा तास गेला. आठ तासांच्या कामात तो सोळावा हिस्सा. कांद्याचं काम उक्तं घेतलं असेल आणि दिवसाला ४०० रुपये सुटत असतील, तर अर्धा तास म्हणजे २५ रुपये. हंगामाच्या २५ दिवसांत ६२५. एका विळ्यावर, एका बाईचे. हात दुखतो तो वेगळाच. बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावला की पातं पातीवरून सटकतं. धारदार विळ्याने कापतं असं आपण म्हणतो, पण मावशींच्या अंगठ्यासारख्या जखमा बहुतेक वेळा बोथट विळ्याच्या असतात.

पण थांबा. वरचे ६२५ रुपये कोणाला मिळतात? उक्तं काम असेल तर आपल्याला. रोजंदारी असेल तर शेताच्या मालकाला! रोजाने गेलेल्या बाईचा विळा कितीही चांगला असला तरी संध्याकाळी हातात रोज तेवढाच पडतो. वाफे जास्त उरकतात, फायदा मालकाचा. मला वाटतं, महागाचं अवजार परवडतं की नाही याचं खरं उत्तर इथे आहे, आणि आपण हे बोलत नाही. विळा आपल्या घरून, चिंधी आपल्या घरची, धार आपण लावायची, आणि वाचलेला वेळ मालकाच्या खात्यात. काही गावांत आता द्राक्षबागेचे मालक कात्री स्वतः देतात. तिथल्या ताया सांगतात की सुरुवातीला नाही म्हणत होते, पण टोळीतल्या सगळ्या एकदम बोलल्यावर आणली. एकटीने मागितलं तर "नको असेल तर येऊ नको" हे उत्तर येतं. मीही ते कानांनी ऐकलंय.

म्हणून माझं मत असं. जो गट उक्तं काम घेतो त्याने चांगला विळा घ्यावा, गटातून कर्ज काढून घेतला तरी चालेल. १८० रुपयांवर शेकडा २ रुपये महिना व्याजाने तीन महिन्यांचे ११ रुपयेसुद्धा होत नाहीत. रोजंदारीवर जाणाऱ्या ताईंनी अवजार मालकाकडे मागावं. नाहीच मिळालं तर स्वतःच्या हातासाठी घ्यावं, कमाई वाढेल म्हणून नाही. मनगटाला आराम मिळतो हे कारण काही कमी नाही, फक्त ते कारण आहे हे माहीत असू द्या.

दातेरी विळ्याबद्दल बऱ्याच जणींनी विचारलं. भाताला, गव्हाला, सोयाबीनला तो चांगला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा आणि भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा नवीन विळा हे दोन्ही दातेरी. हिसका न मारता करवतीसारखं ओढून कापायचं, धार लावायची कटकट नाही, वजनाला हलका. अडचण एकच की दाते झिजले की गावात परत पाडून मिळत नाहीत, विळा टाकूनच द्यावा लागतो. कांद्याची पात कापायला मात्र आपल्या तायांना साधाच बरा वाटतो. दोन जणींनी दातेरी वापरून बघितला आणि दुपारी परत केला.

आता छाटणीची कात्री, जिला सगळे सिकेटर म्हणतात. आपल्या दोन गटांतल्या ताया आता काडी छाटायलाही लागल्यात. पूर्वी बागेत बायकांनी विरळणी करायची आणि छाटणी पुरुषांनी, असं ठरलेलंच होतं. कात्रीत तीन भाव दिसतात. दीडशेच्या आसपासची बिननावाची, चारशे-पाचशेची फाल्कनसारख्या देशी कंपनीची, आणि काही हजारांची फेल्कोसारखी स्वित्झर्लंडची.

दीडशेची घेऊ नका, हे मी सरळ सांगते. तिची दोन पाती एकमेकांना घासून जायला हवीत, पण बोल्ट सैल झाला की मधे फट पडते आणि काडी कापली न जाता चेंगरते. चेंगरलेला काप लवकर भरत नाही, तिथून रोग शिरतो, आणि बोल आपल्याला बसतो. स्प्रिंग उडाली तर बागेत शोधत बसा. चारशे-पाचशेच्या कात्रीत पातं आणि स्प्रिंग बदलून मिळते का, हे घेतानाच विचारा. मिळत असेल तर ती दोन-तीन वर्षं सहज जाते. रोज संध्याकाळी पात्यावरचा चीक ओल्या फडक्याने पुसायचा आणि बोल्टवर तेलाचा थेंब सोडायचा, एवढंच.

काही हजारांच्या कात्रीचं पोलाद उत्तम आहे आणि तिचा एकेक भाग सुटा मिळतो, ही गोष्ट खरी. पण ती त्याला परवडते जो महिनोन् महिने रोज छाटणीच करतो. एका गटात तशी एक कात्री आली होती, कोणीतरी भेट दिलेली. मी विचारलं, कशी आहे? ताई म्हणाल्या, "पेटीत आहे. हरवली तर?" आणि त्या स्वतः जुन्या कात्रीने छाटत होत्या. अवजार इतकं महाग नको की ते वापरायची भीती वाटेल.

आणखी एक. बाजारातल्या बऱ्याच अवजारांची मूठ पुरुषाच्या पंजाच्या मापाची असते. कात्री पूर्ण उघडल्यावर तुमची बोटं दुसऱ्या दांड्यापर्यंत नीट पोचत नसतील तर ती कितीही चांगली असो, संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी कळ येणारच. त्यामुळे दादाला, भाऊजींना बाजारातून आणायला सांगू नका. स्वतः जा आणि दहा-बारा वेळा उघडझाप करून बघा. विळ्याची मूठ लोहाराकडून किंवा सुताराकडून बारीक करून घेता येते, त्याचे बहुतेक वेळा पैसेही घेत नाहीत.

जिथे स्वस्त घ्यायला हरकत नाही ते पटकन सांगते. घमेलं, दोरी, वर्षातून चार वेळा लागणारा हातोडा, पाहुण्या मजुरासाठीचं जास्तीचं खुरपं. आपलं रोजचं खुरपं मात्र पाट्याचंच हवं, आणि त्याच्या मुठीला लाल चिंधी बांधा. चांगली खुरपी झिजून जाण्याआधी तणात हरवून जातात.

संघाने विळ्या-कात्र्यांची अवजार बँक करावी अशीही सूचना आली होती. मला ती पटत नाही. सायकल कोळप्यासारखी मोठी वस्तू सामायिक ठेवावी. विळा सामायिक झाला की धार कोणीच लावत नाही, आणि सगळ्यांना तो एकाच आठवड्यात लागतो.

धारेबद्दल एक सावधगिरी. हल्ली लोहाराकडे न जाता वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरवर धार लावायची सवय लागली आहे. ठिणग्या उडतात, पातं तापतं आणि धार निळी पडते. निळी पडली की काकांनी दिलेलं पाणी उतरलं समजा. १८० चा विळा एका मिनिटात ६० चा होतो. ग्राइंडरवर लावायचीच असेल तर समोर पाण्याचा डबा ठेवायला सांगा आणि पातं सारखं बुडवून घ्या.

पुढच्या बैठकीत येताना प्रत्येक गटाने दोन आकडे आणा, या हंगामात किती जणी उक्तं काम घेणार आणि किती जणी रोजाने जाणार. पहिल्या आकड्याप्रमाणे विळ्यांची ऑर्डर देऊ. लोहारकाकांना पाटा जमवायला पंधरा दिवस लागतात आणि निम्मे पैसे आगाऊ हवेत. दुसऱ्या आकड्यासाठी, मालकांशी बोलायला कोण कोण येणार ती नावं तिथेच लिहून घेऊ. माझं नाव मी आत्ताच लिहून ठेवलंय.