अखंड फाइल आणि तिचे तुकडे

दूरच्या क्लाउडवर फाइल ठेवणे म्हणजे ‘कळ दाबली की झाले’, अशीच पुष्कळांची समजूत असते. लहानशा पत्राच्या वा छायाचित्राच्या बाबतीत ती खरीही आहे. अ‍ॅमेझॉनची ‘एस-थ्री’ ही साठवणसेवा २००६ साली सुरू झाली, तेव्हा संपूर्ण फाइल एकाच विनंतीत धाडण्याची रीत होती. रीत सरळ खरी; परंतु पोचली तर सगळी, नाहीतर काहीच नाही, असा तिचा स्वभाव. एखाद्या ग्रंथालयाने हस्तलिखितांच्या प्रतिमांची ४ गीगाबाइटांची फाइल पाठवावयास घेतली आणि ३ गीगाबाइट गेल्यावर जोडणी तुटली, तर तेवढे सारे व्यर्थ जाऊन पुनश्च श्रीगणेशा करावा लागतो. जेथे विजेचाच भरवसा नाही, तेथे अशी फाइल कधीच पोचू नये, हेही संभवते.

२०१० साली यावर तोड निघाली ती तुकड्यांची. प्रथम साठ्याकडून एक ओळखक्रमांक घ्यावयाचा, मग फाइलचे क्रमवार तुकडे, हवे तर चारपाच एकाच वेळी, धाडावयाचे, आणि सर्व पोचले म्हणजे ‘आता जोडा’ असा निरोप द्यावयाचा. वाटेत एखादा गळाला, तर तेवढाच पुन्हा पाठवला की भागते.

एकाच विनंतीत ५ गीगाबाइटांहून मोठी फाइल जात नाही. तथापि १०० मेगाबाइटांच्या पुढेच तुकड्यांचा विचार करावा, असा सेवाचालकांचा सल्ला आहे. शेवटचा वगळता प्रत्येक तुकडा किमान ५ मेगाबाइटांचा हवा आणि एकूण तुकडे १०,००० हून अधिक नसावेत. या दोन आकड्यांचा गुणाकार सुमारे ५० गीगाबाइट होतो. तेव्हा त्याहून मोठ्या फाइलीचे तुकडे मुळातच मोठे पाडले पाहिजेत. हा हिशेब आधी न केल्यास दहा हजारावा तुकडा गेल्यावर वाट अडते. उलट, चिमुकल्या फाइलीसाठी हा खटाटोप म्हणजे एका विनंतीच्या जागी तीन विनंत्या, आणि आकार प्रत्येकीचा.

खरी मेख पुढेच आहे. जोडण्याचा निरोप गेलाच नाही, तर पोचलेले तुकडे तसेच पडून राहतात. फाइलींच्या नेहमीच्या यादीत ते दिसत नाहीत, भाडे मात्र चालूच राहते. ठराविक दिवसांत पूर्ण न झालेले तुकडे आपोआप काढून टाकण्याचा नियम करता येतो. परंतु तो मालकाने स्वतः लावल्यावाचून लागत नाही.