आधी कॅप दाखवा

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या इंजिनांचे दोन भाव चालतात, एक किलोचा आणि एक नगाचा. किलोने गेलेला ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सिलिंडर असलेला ओतीव सांगाडा, भट्टीत वितळतो. नगाने गेलेला ब्लॉक पुन्हा कुठल्या तरी बॉनेटखाली जाऊन बसतो. दुकानासमोरच्या ढिगात दोघे शेजारी पडलेले असतात, सारखेच काळपट आणि तेलकट. कोणता कुठल्या वाटेला लावायचा हे ज्याला कळतं, त्या माणसाला मला भेटायचं होतं.

निमित्त फियाटचं होतं. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली प्रीमियर पद्मिनी ही मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. तेव्हा निरोपाचे लेख पुष्कळ आले. आमच्या संपादकांनाही तसाच एक हवा होता. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. एवढ्या टॅक्सी गेल्या, तर त्यांची इंजिनं कुठे गेली?

ही गाडी कुर्ल्याचीच. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिचा कारखाना इथे उभा राहिला. १९६४ मध्ये फियाट अकराशे डिलाइट आली. पुढे तीच प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. नावं बदलली, पेट्रोल इंजिन तेच राहिलं : चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, १०८९ सीसी. कारखान्याचं उत्पादन थांबलं, पण त्याच उपनगरातला जुन्या सुट्या भागांचा बाजार चालू राहिला. आज पद्मिनी नव्याने बांधायला काढणाऱ्याला याच बाजारात यावं लागतं.

तो येतो मुख्यतः ब्लॉकसाठी. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट हे सगळं अजून कुणी ना कुणी बनवतं. क्रँक घासून घेता येतो. हेडची डागडुजी होते. पण ब्लॉक एका गिऱ्हाइकासाठी कुणी ओतत नाही. त्यासाठी वाळूचा साचा लागतो, पाणी खेळण्याच्या पोकळ जागांसाठी आत वेगळे गाभे लागतात, आणि ओतून झाल्यावर बोअर, क्रँकची बैठक, कॅमचा बोगदा आणि ऑइलच्या वाटा एकमेकींशी नेमक्या जुळवून कापाव्या लागतात. कारखाना बंद झाला त्या दिवशी जेवढे ब्लॉक होते तेवढेच आहेत. त्यात आता भर पडणार नाही, घट मात्र रोज होते.

मी ज्यांना भेटलो त्यांना सगळी गल्ली 'बोअरिंगवाले काका' म्हणते. मूळचे सांगलीकडचे. दहा बाय पंधराच्या गाळ्यात एक उभी बोअरिंग मशीन, एक होनिंगची, भिंतीला लाकडी पेटीत मायक्रोमीटर आणि बोअर गेज. मी पोचलो तेव्हा एक तरुण इंजिनिअर हातगाडीवरून ब्लॉक घेऊन आला होता. आजोबांची १९७३ची फियाट त्याने बांधायला काढली आहे. तिच्या मूळ ब्लॉकला कनेक्टिंग रॉड तुटून बाजूने भोक पडलं होतं, म्हणून हा दुसरा. त्याने मोठ्या उत्साहाने इंजिन नंबर दाखवायला सुरुवात केली.

"नंबर नंतर बघू," काका म्हणाले. "आधी कॅप दाखव."

तो गोंधळला. कॅप विक्रेत्याकडेच राहिल्या होत्या.

"मग अर्धाच ब्लॉक आणलायस बाबा. जा, घेऊन ये. आणि त्याच ब्लॉकच्या आण. दुसऱ्या दिल्या तर घेऊ नकोस."

काका का अडून बसले, ते मला हळूहळू कळत गेलं. क्रँकशाफ्ट ब्लॉकच्या पोटात मेन बेअरिंगवर फिरतो. या इंजिनात ती तीन आहेत. प्रत्येक बेअरिंगचं वरचं अर्धवर्तुळ ब्लॉकमध्ये असतं आणि खालचं बोल्टने आवळलेल्या कॅपमध्ये. कारखान्यात कॅप आधी आवळतात आणि मगच एका दांड्याने तिन्ही भोकं एका ओळीत कापतात. त्यामुळे कॅप त्या ब्लॉकची आणि त्याच जागेचीच असते. दुसऱ्या ब्लॉकची कॅप बोल्टला बसेल, पण तिचं अर्धवर्तुळ केसभर सरकलेलं असेल. तेवढ्याने क्रँक जाम होतो, किंवा फिरतो आणि थोड्या दिवसांत बेअरिंग खातो. जाणता मिस्त्री इंजिन खोलतानाच कॅपवर पंचने टिंब मारून ठेवतो, पहिलीला एक, दुसरीला दोन. जुन्या गाड्या कापणारा कटिंगवाला मात्र घाईत असतो. तो कॅप काढून किलोच्या पोत्यात टाकतो. कॅपविना ब्लॉक घेतला तर परक्या कॅप बसवून पुन्हा लाइन बोअरिंग करावं लागतं, आणि ते नीट करणारं मशीन शोधण्यातच महिने जातात.

तरुण परतला तेव्हा तिन्ही कॅप तारेत ओवलेल्या होत्या. काकांनी त्या बोटाने चाचपल्या, टिंबं मोजली, जागेवर ठेवून बघितल्या. खाचेत बसताना एक हलका टक् आवाज झाला, आणि काकांनी बोअर गेज हातात घेतला.

एका बोअरचं माप सहा ठिकाणी घेतात. वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे झीज सर्वांत जास्त, कारण स्फोटाचा ताप आणि दाब तिथे असतो आणि ऑइल कमीत कमी पोचतं. तिच्या वर जो न झिजलेला काठ उरतो तो नखाला लागतो. बाजारात मापाची साधनं जवळ नसतील तर काका हेच करायला सांगतात : नख फिरवा. शिवाय पिस्टन एका बाजूला जास्त रेटतो, त्यामुळे बोअर गोल न राहता लांबट होतो. दहा-पंधरा शतांश मिलिमीटरच्या पुढे फरक गेला की बोअर मारावाच लागतो. ६८चा बोअर साडेअडुसष्ट केला तर इंजिन १०८९ वरून साधारण ११०५ सीसीवर जातं. गाडी चालवणाऱ्याला हा फरक कळतही नाही, पण ब्लॉकचं आयुष्य एका पायरीने कमी झालेलं असतं. अशा पायऱ्या तीन-चारच असतात.

टॅक्सीच्या ब्लॉकच्या बहुतेक सगळ्या पायऱ्या उतरून झालेल्या असतात. मग मोठा बोअर करून आत ओतीव लोखंडाची स्लीव्ह ठोकतात आणि पुन्हा मूळ मापावर येतात. स्लीव्ह मारलेला ब्लॉक वरून ओळखता येतो. वरचा फेस घासून पुसला की बोअरभोवती एक बारीक गोल रेघ दिसते. पुष्कळ गिऱ्हाइकं ती रेघ बघून नाक मुरडतात. काका मुरडत नाहीत. नीट घट्ट बसलेली स्लीव्ह त्यांना वेड्यावाकड्या झिजलेल्या मूळ बोअरपेक्षा पसंत आहे. मलाही त्यांचं पटलं. ज्या ब्लॉकने रोज दोन पाळ्यांत टॅक्सी ओढली, त्याच्या अंगावर दुरुस्तीची खूण असणारच.

यानंतर पाण्याच्या पोकळ्यांची भोकं बंद करणारे बाजूचे वेल्च प्लग निघाले, आणि आतून तांबडा चिखल बाहेर आला. थंड देशांत ब्लॉक फुटतो तो गोठलेल्या पाण्याने. आपल्याकडे तो मरतो नळाच्या किंवा बोअरवेलच्या पाण्याने. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी साधं पाणी घातलं की आत गंज आणि खार साचतो. मागच्या सिलिंडरभोवती गाळ बसतो, तिथे उष्णता अडकते, आणि एखाद्या घाटात बोअरच्या मधल्या पातळ भिंतीला किंवा हेडच्या बोल्टच्या भोकापासून तडा जातो. पुरातल्या गाडीची तऱ्हा आणखी वेगळी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहरभर बुडालेल्या गाड्या पुढे कटिंगला गेल्या. बुडून तशीच पडून राहिलेल्या गाडीच्या बोअरमध्ये पिस्टन थांबला होता त्या उंचीवर गंजाचं कडं उमटतं. पाण्यात असतानाच कुणी स्टार्टर मारला असेल तर रॉड वाकलेला असतो, कधी ब्लॉकलाही मार बसलेला असतो.

तडा शोधायची काकांची पद्धत जुनी आहे. फेस स्वच्छ करून त्यावर रॉकेल फिरवायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरवायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत उमटतं आणि पांढऱ्यावर एक ओली रेघ चढत जाते. आता लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरचे स्प्रे मिळतात, त्यांचंही तत्त्व हेच. आतल्या तड्यासाठी मात्र पाण्याच्या वाटा बंद करून दाबाची चाचणीच करावी लागते. हातोडीने टकटक करून आवाजावर ब्लॉक पास करणारे बाजारात भेटतात. काकांचा त्यावर विश्वास नाही.

या ब्लॉकवर रेघ उमटली नाही. तरुणाचा चेहरा खुलला. "आता दाखव नंबर," काका म्हणाले.

ब्लॉकवर दोन जातींचे आकडे असतात आणि नवखा हमखास त्यांची गल्लत करतो. साच्यातूनच आलेले, उठावाचे, ते ओतकामाचे. एका साच्यातल्या सगळ्या ब्लॉकवर ते सारखेच असतात आणि ब्लॉक कुठल्या जातीचा हे सांगतात. अमेरिकेत शेवरोलेच्या व्ही-आठ ब्लॉकवर ओतल्याची तारीखही असते, जानेवारीला पहिलं अक्षर, फेब्रुवारीला दुसरं, असं. दुसरे आकडे पंचने ठोकलेले, खोलगट. तो इंजिन नंबर, आणि आरसी बुकात लिहिलेला असतो तोच. महायुद्धातल्या जीपचा तो उजवीकडे पुढे, वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर असतो. विलिसचा असेल तर पुढे एमबी, फोर्डचा असेल तर जीपीडब्ल्यू. पण जीपमध्ये काका नंबरही आधी बघत नाहीत, भोकं मोजतात. युद्धातल्या एल-हेड इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, म्हणजे बोअरच्या कडेला आठ भोकं. पुढे महिंद्राच्या जीपांमध्ये आलेल्या एफ-हेडमध्ये इनलेट वर हेडमध्ये गेले, म्हणून ब्लॉकवर व्हॉल्व्हची चारच. नंबर खोटा ठोकता येतो, भोकं खोटी पाडता येत नाहीत.

खोटा नंबर हाच या धंद्याचा घोर आहे. काकांनी टॉर्च तिरपा धरून तरुणाला काय बघायचं ते सांगितलं. नंबराची पट्टी आजूबाजूच्या ओतकामापेक्षा गुळगुळीत किंवा खोलगट आहे का, ग्राइंडरचे ओरखडे आहेत का, सगळे आकडे एकाच खोलीचे आणि एकाच वळणाचे आहेत का. पंच मारताना आकड्याखालचं लोखंड दबतं. वरून घासून टाकलं तरी तो दाब खाली राहतो, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्ल आणि कॉपर क्लोराइडच्या द्रावणाने कधीकधी जुना आकडा वर आणता येतो. पण ते पोलिसांचं काम. गिऱ्हाइकाने घासलेला नंबर दिसताच ब्लॉक खाली ठेवावा, कितीही स्वस्त असो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चोरीचा माल जाणून घेणारा गुन्हेगार ठरतो, आणि 'चोरीचा आहे असं मानायला कारण होतं' एवढंही त्यासाठी पुरतं. चोरीच्या गाड्या कापण्यासाठी कुप्रसिद्ध झालेला मेरठचा सोतीगंज बाजार २०२१च्या अखेरीस पोलिसांनी बंद पाडला, त्यानंतर इथले सरळ व्यापारीही धास्तावले आहेत. काहींनी ब्लॉक नगावर विकणंच सोडलं. नको ती कटकट म्हणून ते सरळ किलोवर घालतात. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. चोराला अडवणाऱ्या भीतीपायी चांगले, कागदाचे ब्लॉकही भट्टीत चालले आहेत.

आणि कागद सोपे नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायचा तर परवानगी लागते आणि तो आरसीवर चढवावा लागतो. त्यासाठी ब्लॉक कुठून आला याचा पुरावा हवा : विक्रेत्याची नंबरासह पावती, मूळ गाडीच्या आरसीची प्रत, आणि ती गाडी रीतसर मोडीत निघाल्याचा दाखला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कापलेल्या टॅक्सीचे हे कागद कुठून आणायचे? दुकानदाराने ब्लॉक दुसऱ्याकडून घेतलेला, त्याने तिसऱ्याकडून.

या गाडीच्या वाटेत आणखी एक पेच आहे. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नवी नोंदणी वीस हजार रुपयांना, मुदत दहा वर्षं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा, अशी अट आहे. १९७३ची फियाट वयात बसते. त्याच जातीचा, त्याच मापाचा दुसरा ब्लॉक घालणं हा फेरफार की दुरुस्ती? माझ्या मते दुरुस्तीच. कारखान्याने त्या काळी ब्लॉक बदलून दिला असता तरी गाडी फियाटच राहिली असती. पण मत माझं, सही अधिकाऱ्याची.

तरुणाने दोन गोष्टी बऱ्या केल्या होत्या. विक्रेत्याकडून नंबर लिहिलेली पावती घेतली होती, आणि मूळ गाडीच्या आरसीची झेरॉक्सही मागून ठेवली होती. काकांनी नंबरावर कागद धरून पेन्सिलने त्याची प्रिंट काढून दिली. भोक पडलेला जुना ब्लॉक भंगारात घालू नकोस, म्हणाले. आरसीवर अजून त्याचाच नंबर आहे. आरटीओतला माणूस गाडी बघायला येईल तेव्हा दोन्ही समोर ठेव. बाजूला पडलेलं भोक वेल्डिंगने किंवा धातूचे टाके घालून बुजवणारे लोक आहेत, पण ते काम खर्चाचं आणि बेभरवशाचं. नवीन ब्लॉकची नोंद नाकारली गेली तर मात्र तोच एक रस्ता उरेल.

बोअर त्या दिवशी मारला नाही. आधी पिस्टन हातात हवेत आणि त्यांच्या मापाला बोअर, उलटं नाही. काकांनी गेजवरचे आकडे वहीच्या पानावर लिहून दिले. त्या मापांना पहिली पायरी, म्हणजे पहिलं ओव्हरसाइज, पुरतं, पण त्या मापाचे चार पिस्टन एकाच संचात मिळायला हवेत, सुटे गोळा केलेले नकोत, कारण त्यांची वजनं जुळत नाहीत. तो संच मिळेपर्यंत काकांनी बोअरना ऑइल लावलं, कॅप टिंबांप्रमाणे आवळल्या आणि ब्लॉक फळीवर उभा करून ठेवला, म्हणजे दमट हवेत गंज चढणार नाही. तरुण आरटीओच्या अर्जाच्या मागे लागला आहे आणि पिस्टनसाठी पुणे, कोल्हापूर आणि चेन्नईला फोन करतो आहे.