गर्भनिरोधक गोळी आणि औषधी कंद : डायोसजेनिनची लागवड करावी का?

औषधी कंदांबद्दल दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. पहिला शेतकऱ्याचा : "या कंदापासून गर्भनिरोधक गोळ्या बनतात म्हणे. बेणे देणारा खरेदीची हमी देतोय, लावू का?" दुसरा घरातल्या बाईचा : "मग याची पूड घेतली तर दिवस राहायला मदत होईल का?" दोन्हींचे उत्तर एकाच गोष्टीत आहे. कंदात हार्मोन नसते, हार्मोनचा कच्चा माल असतो.

शरीरात हार्मोन काय करते?

मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही हार्मोन्स सोडते. त्यामुळे बीजांडकोशात स्त्रीबीज पक्व होऊन बाहेर पडते. त्यानंतर तिथेच प्रोजेस्टेरॉन तयार होते. ते गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी तयार ठेवते आणि 'आता दुसरे बीज नको' असा निरोप पियुषिकेला देते.

गर्भनिरोधक गोळीतील प्रोजेस्टेरॉनसारखे द्रव्य हाच निरोप रोज देत राहते. त्यामुळे बहुतेक गोळ्यांमध्ये बीज बाहेर पडणेच थांबते. गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्रावही घट्ट होतो. वंध्यत्वाच्या उपचारात याच साखळीचा वेगळा उपयोग होतो. एफएसएचची इंजेक्शने देऊन बीजे वाढवतात आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गर्भाशयाच्या अस्तराला आधार म्हणून प्रोजेस्टेरॉन देतात.

द्राक्ष बागायतदाराला हे नवीन नाही. जिबरेलिक ॲसिड फुलोऱ्याआधी दिले तर घड लांबतो, मणी धरल्यावर दिले तर मणी फुगतो. वेळ आणि मात्रा बदलली की परिणाम बदलतो.

कंदाचा संबंध कुठे आला?

पूर्वी प्रोजेस्टेरॉन प्राण्यांच्या अवयवांतून काढत, म्हणून ते अतिशय महाग होते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी डायोस्कोरिया वर्गातील कंदांमधील डायोसजेनिनपासून ते बनवण्याची रीत शोधली. मेक्सिकोतील रानकंद वापरून १९४३ मध्ये त्यांनी सुमारे ३ किलो प्रोजेस्टेरॉन तयार केले. १९५१ मध्ये मेक्सिकोतच लुईस मिरामोंतेस, कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांझ यांनी नॉरएथिस्टेरॉन बनवले. तोंडावाटे घेतले तरी ते चांगले टिकते. सण-लग्नाच्या वेळी पाळी पुढे ढकलण्यासाठी डॉक्टर देतात त्या गोळीत बहुधा हेच असते.

आपली कोनफळ, कणगर आणि करांदा ही याच वर्गातील पिके आहेत. पण ती खाण्याची आहेत, डायोसजेनिनसाठीची नाहीत. त्यासाठी डायोस्कोरिया फ्लोरिबंडा, कंपोझिटा अशा वेगळ्या प्रजाती लागतात.

पूड खाऊन हार्मोन का वाढत नाही?

बोंडात कापूस असतो, सदरा नसतो. डायोसजेनिनचे प्रोजेस्टेरॉन कारखान्यात, रासायनिक क्रियांच्या अनेक टप्प्यांनंतर होते. आपल्या शरीरात हे रूपांतर करणारी यंत्रणाच नाही. मेथीतही डायोसजेनिन असते, पण मेथी खाऊन प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. म्हणून अशी पूड गर्भनिरोधक गोळीच्या किंवा वंध्यत्वाच्या उपचाराच्या जागी घेऊ नका. वंध्यत्वात वाढत्या वयाबरोबर यशाची शक्यता घटते, त्यामुळे पुडीवर घालवलेली दोन वर्षे परत मिळत नाहीत. तपासणी नवरा-बायको दोघांचीही करून घ्या.

लागवड करावी का?

आज स्टिरॉइड औषधांचा मोठा कच्चा माल सोयाबीन तेलाच्या शुद्धीकरणातून निघणाऱ्या उपउत्पादनातील स्टेरॉल्सपासून येतो. सूक्ष्मजीवांच्या मदतीने त्यांचे रूपांतर करतात. कंदाला या स्वस्त मालाशी स्पर्धा करावी लागते. शिवाय पीक तयार व्हायला साधारण दोन वर्षे लागतात आणि वेलाला आधार द्यावा लागतो. म्हणजे पैसा दोन वर्षे अडकतो.

निर्णयाआधी हे तपासा :

- बेणे कोणत्या प्रजातीचे व जातीचे आहे, हे बिलावर लिहून घ्या. नुसते 'हार्मोन कंद' असे लिहिलेले चालवून घेऊ नका.
- दर ओल्या कंदाचा आहे, वाळवलेल्या कंदाचा की डायोसजेनिनच्या टक्केवारीवर, हे करारात स्पष्ट करा.
- टक्केवारी कोणत्या प्रयोगशाळेत तपासणार आणि माल नाकारल्यास वाहतूक खर्च कोणाचा, हे आधी ठरवा.
- बेणे विकणाराच एकमेव खरेदीदार असेल, तर दुसरा खरेदीदार मिळेपर्यंत थांबा.
- हिमालयातील डायोस्कोरिया डेल्टॉइडिया रानातून आणलेला असेल तर घेऊ नका. अति खुदाईमुळे ही प्रजाती धोक्यात असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे.

लेखी करार आणि दुसरा खरेदीदार हाती असेल, तर आधी एक-दोन गुंठ्यांवर लावून पाहा. नसेल, तर ती जमीन नेहमीच्या पिकाखालीच राहू द्या.